नोविक आणि तिच्या बहिणी: रशियन विनाशिका (१९१० ते १९५५)

गलबत (धागाकर्ता)

मंडळी, पहिल्या महायुद्धातल्या सागरी लढायांवर मराठीत वाचायला बसलं की जटलंड, जर्मन पाणबुड्या आणि एम्डन एवढ्यावर गाडी थांबते. एम्डनने मद्रासवर तोफा डागल्या, म्हणून ती आपल्या ओळखीची. त्याच काळात बाल्टिक आणि काळ्या समुद्रात जे चाललं होतं त्याबद्दल जवळजवळ काहीच लिहिलं गेलेलं नाही. तिथल्या ज्या विनाशिकांनी (डिस्ट्रॉयर) मला गेली काही वर्षं पछाडलं आहे त्यांच्याबद्दल हा धागा.

सुरुवात १९०४ पासून करावी लागेल. फेब्रुवारीतल्या एका रात्री जपानी विनाशिकांनी पोर्ट आर्थरबाहेर नांगरलेल्या रशियन ताफ्यावर पाणतीर (टॉर्पेडो) सोडले आणि युद्ध सुरू झालं. एप्रिलमध्ये अ‍ॅडमिरल मकारोव यांची ‘पेत्रोपाव्लोव्स्क’ जपानी सुरुंगावर गेली. मकारोव गेले, आणि रशियन नौदलाचा कणाच मोडला. पण १५ मे १९०४ ला उलटा प्रकार घडला. ‘अमूर’ नावाच्या रशियन जहाजाने आदल्या दिवशी पेरलेल्या सुरुंगांवर ‘हात्सुसे’ आणि ‘याशिमा’ या दोन जपानी बॅटलशिप एकाच दिवशी गेल्या. अख्ख्या युद्धात रशियन तोफांना जे जमलं नाही ते काही डझन सुरुंगांनी केलं. ही गोष्ट ज्या अधिकाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिली, त्यांच्यातला एक होता निकोलाय एस्सेन. युद्ध सुरू झालं तेव्हा तो ‘नोविक’ नावाच्या लहानशा, वेगवान क्रूझरचा कप्तान होता. ती पहिली नोविक. ऑगस्ट १९०४ मध्ये सखालीनच्या किनाऱ्याशी तिच्याच लोकांनी तिला बुडवलं. एस्सेन तोवर दुसऱ्या जहाजावर गेला होता.

१९०५ मध्ये त्सुशिमाच्या लढाईत जपानकडून हरल्यावर रशियाकडे नौदल म्हणावं असं फारसं उरलं नव्हतं आणि तिजोरीही रिकामी होती. मात्र १९०४ मध्ये, युद्ध सुरू झाल्यावरच, लोकवर्गणीतून जहाजं बांधायला एक समिती स्थापन झाली होती. शेतकऱ्यापासून सरदारापर्यंत लोकांनी पैसे दिले. बुखाऱ्याच्या अमिराने दिलेल्या देणगीमुळे एका विनाशिकेचं नावच ‘एमिर बुखार्स्की’ पडलं. त्या वर्गणीतून जहाजांची पहिली फळी बांधून झाल्यावर काही रक्कम शिल्लक राहिली. त्या शिलकीतून एकच, पण आजवर कुणी बांधली नसेल अशी विनाशिका बांधायची असं ठरलं. काम सेंट पीटर्सबर्गच्या पुतिलोव कारखान्याला मिळालं. टर्बाइन आणि बॉयलरच्या आखणीत स्टेटिनच्या व्हल्कन या जर्मन कंपनीचं सहकार्य होतं. १९१० मध्ये कणा घातला, १९११ मध्ये ती पाण्यात उतरली, आणि नाव ठेवलं नोविक.

लांबी १०२ मीटर, रुंदी साडेनऊ मीटर. चार १०२ मिमी तोफा, चार जोडनळ्यांतून आठ पाणतीर, आणि डेकवर पन्नास-साठ सुरुंग वाहून नेण्याची सोय. कोळसा अजिबात नाही, सगळं तेलावर. १९१२ च्या चाचण्यांत कराराप्रमाणे ३६ नॉटचा (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वेग मिळेना, म्हणून तिला स्टेटिनला नेऊन बॉयलर सुधारले. ऑगस्ट १९१३ मध्ये मोजलेल्या मैलावर तिने ३७.३ नॉट गाठले. त्या वेळी जगात इतकी वेगवान विनाशिका दुसरी नव्हती.

हा आकडा सगळ्या पुस्तकांत असतो. माझं म्हणणं असं की हा आकडा बघता बघता नोविकचं खरं काम आपल्या नजरेतून निसटतं. तोवर एस्सेन बाल्टिक ताफ्याचा प्रमुख झाला होता. ३१ जुलै १९१४ ला, जर्मनीने युद्ध पुकारायच्या आदल्या दिवशी, त्याने फिनलंडच्या आखाताच्या तोंडाशी नार्गेन ते पोर्काला या पट्ट्यात सुरुंगांची भिंत उभी केली. राजधानीकडे जाणारी वाट बंद. मग त्याच हिवाळ्यात रशियन जहाजं रात्रीची बाहेर पडून थेट जर्मन किनाऱ्यासमोर सुरुंग टाकू लागली. नोविक त्यांत होती. दिवे मालवून जायचं, सुरुंग टाकायचे आणि उजाडायच्या आत परत यायचं. तिला वेग लागत होता तो यासाठी.

तोफांनी तिने एक गाजलेली लढाई लढली खरी. तिच्याबद्दल खाली लिहितो. पण बाकीच्या रात्री हिशोबात धरल्याशिवाय ही जहाजं समजत नाहीत.

---

खाडीपलीकडचा

वाखूसा (वाचनखूण साठवली). सुरुंग प्रत्यक्षात टाकतात कसे? म्हणजे चालत्या जहाजावरून, अंधारात?

---

गलबत

डेकवर दोन्ही बाजूंना रूळ असतात. प्रत्येक सुरुंग चाकं असलेल्या लोखंडी बैठकीवर बसवलेला असतो. ही बैठकच त्याचा नांगर. खलाशी तो ढकलत पिछाडीला आणतात आणि ठरलेल्या अंतराने पाण्यात सोडतात. बैठक तळाशी जाते, दोर उलगडतो आणि गोळा पाण्याच्या पृष्ठभागाखाली ठरवलेल्या खोलीवर तरंगत थांबतो. गोळ्याला शिशाची शिंगं. जहाज आदळलं की शिंग वाकतं, आतली काचेची नळी फुटते, तिच्यातल्या द्रावणाने वीज तयार होते आणि स्फोट. त्या काळचा रशियन सुरुंग १९०८ च्या नमुन्याचा, त्यात शंभर किलोहून जास्त स्फोटकं.

आता बाल्टिकच्या डिसेंबरात हे डोळ्यांसमोर आणा. डेकवर बर्फाचा थर, रूळ गोठलेले, लाटा डेकवरून जातायत, आणि जहाज शत्रूच्या किनाऱ्यापासून काही मैलांवर. दिवा लावायचा नाही, आवाज करायचा नाही. एखादा सुरुंग रुळावरून निसटला तर काय, याचा विचारही न केलेला बरा.

---

यंत्रघर

धागा छान. पण वेगाला इतकं कमी लेखू नका, अशी विनंती. मी आयुष्यभर मरीन इंजिनीअर म्हणून बॉयलर-टर्बाइनमध्ये काढलं आहे, तेव्हा त्या बाजूने थोडं.

चाचणीतला वेग आणि रोजचा वेग यांत फरक असतोच. चाचणीला जहाज हलकं असतं, तळ स्वच्छ असतो, निवडक माणसं बॉयलरवर असतात. युद्धात सुरुंग, दारूगोळा आणि पूर्ण तेल भरल्यावर ३७ नॉट विसरा. तरी ज्या जहाजाची ताकद ४०,००० अश्वशक्तीच्या पुढे आहे ते भरलेल्या अवस्थेतही इतरांच्या पुढेच राहतं.

खरी क्रांती तेलाची होती. कोळशाच्या जहाजावर वेग वाढवायचा म्हणजे भट्टीपुढे माणसं उभी करायची. ती दमली की वेग घसरला. शिवाय चिमणीतून ठिणग्या आणि धुराचा लोट. रात्री शत्रूच्या किनाऱ्यावर चोरून जाणाऱ्या जहाजाला हे परवडत नाही. तेलावर वाल्व उघडला की वाफ वाढते, आणि हवा-तेलाचं प्रमाण नीट ठेवलं तर धूरही जवळजवळ दिसत नाही. बाकूच्या तेलविहिरी रशियाच्याच ताब्यात होत्या, म्हणून इंधनाची चिंता इंग्लंडला होती तशी त्यांना नव्हती. म्हणजे तुम्ही म्हणता त्या सुरुंगांच्या रात्री या बॉयलरांनीच शक्य केल्या.

---

गलबत

काका, पूर्ण मान्य. धूर आणि ठिणग्यांचा मुद्दा तर फार महत्त्वाचा.

आता ती लढाई. ऑगस्ट १९१५. जर्मन ताफा रीगाच्या आखातात घुसू पाहत होता. आत ‘स्लाव्हा’ ही जुनी रशियन बॅटलशिप वाट अडवून उभी होती. तिला रात्रीत पाणतीर मारून बुडवायला जर्मनांनी व्ही-९९ आणि व्ही-१०० या दोन नव्या विनाशिका आत पाठवल्या. स्लाव्हा त्यांना सापडली नाही. १७ ऑगस्टच्या पहाटे मात्र नोविक समोर आली. कप्तान मिखाईल बेरेन्स. दोघींविरुद्ध एकटी. नोविकच्या १०२ मिमी तोफा लांबून अचूक लागू लागल्या. व्ही-९९ ला आग लागली, ती पळताना सुरुंगांच्या पट्ट्यात शिरली आणि तिथेच बुडाली. व्ही-१०० मार खाऊन निसटली. नोविकवर एकही माणूस मेला नाही.

आणि आता त्या दोन जर्मन जहाजांचा जन्म ऐका. युद्ध पेटलं तेव्हा जर्मन कारखान्यांत रशियाच्या नव्या विनाशिकांसाठी टर्बाइन्स तयार होत होत्या. नोविक आवडल्यावर रशियाने तिच्यावर बेतलेल्या डझनावारी जहाजांची मागणी नोंदवली होती, त्यासाठीच्या या टर्बाइन्स. जर्मनीने त्या ठेवून घेतल्या आणि त्यांच्याभोवती स्वतःच्या मोठ्या विनाशिकांचा एक वर्गच आखला. व्ही-९९ आणि व्ही-१०० त्याच वर्गातल्या. तिकडे रशियन गोद्यांत यंत्रांवाचून सांगाडे अडून पडले. पुढची जहाजं येईपर्यंत नोविक बाल्टिकमध्ये एकटी होती.

---

पोफळी

पहिल्यांदाच प्रतिसाद देतेय, कारण मिखाईल बेरेन्स हे नाव वाचून राहवलं नाही. या माणसाची पुढची गोष्ट जहाजाइतकीच मोठी आहे.

बेरेन्स घराण्यात दोन भाऊ, दोघेही नौदलात. थोरला येवगेनी. १९०४ मध्ये जपान्यांशी झालेल्या चेमुल्पोच्या लढाईत ‘वर्याग’वर तो मुख्य नाविक अधिकारी होता. धाकटा मिखाईल, नोविकचा. क्रांतीनंतर येवगेनी बोल्शेविकांकडे गेला आणि लाल नौदलाचा प्रमुख झाला. मिखाईल गोऱ्या, म्हणजे बोल्शेविकविरोधी, सैन्याकडे गेला. नोव्हेंबर १९२० मध्ये जनरल व्रांगेलचा पराभव झाल्यावर क्रिमियातून सैनिक, बायका, मुलं मिळून लाखाहून जास्त माणसं जहाजांतून बाहेर पडली. त्या ताफ्यातला मोठा भाग फ्रेंचांच्या ताब्यातल्या ट्युनिशियात, बिझर्त बंदरात गेला. पुढे त्या ताफ्याचा शेवटचा प्रमुख होता मिखाईल बेरेन्स. चार वर्षं ही माणसं नांगरलेल्या जहाजांवर राहिली. मुलांची शाळा तिथेच, चर्च तिथेच. ऑक्टोबर १९२४ मध्ये फ्रान्सने सोव्हिएत सरकारला मान्यता दिली आणि २९ तारखेला जहाजांवरचा निळ्या तिरप्या फुलीचा झेंडा शेवटचा उतरवला.

डिसेंबरात जहाजांची पाहणी करायला मॉस्कोहून आयोग आला. त्यात जहाजबांधणीचे थोर गणिती क्रिलोव होते, आणि येवगेनी बेरेन्स होता. भावाने नुकत्याच सोडलेल्या जहाजांची मोजदाद भावाच्या हाती. मिखाईल ट्युनिशियातच राहिला आणि १९४३ मध्ये तिथेच वारला.

बिझर्तला गेलेल्या जहाजांत काळ्या समुद्रातल्या नोविकच्या बहिणीही होत्या ना? गलबतदादा, त्यांच्याबद्दल लिहा.

---

गलबत

पोफळीताई, फार सुंदर प्रतिसाद. येवगेनीचं आयोगाबरोबर येणं मला नेहमी फार जड वाटतं.

हो, बिझर्तला ‘देर्झ्की’, ‘ग्नेव्नी’, ‘बेस्पोकोइनी’, ‘पोस्पेश्नी’, ‘पिल्की’ आणि ‘त्सेरिगो’ या सहा पोचल्या आणि तिथेच भंगारात निघाल्या.

काळ्या समुद्रातल्या या मालिकेची पहिली नऊ जहाजं १९१४-१५ मध्ये सेवेत आली. काही निकोलायेवमध्ये बांधली, काहींचे सुटे भाग बाल्टिकच्या बाजूने आणून दक्षिणेत जोडले. १९१५ च्या जूनमध्ये बॉस्फरसजवळ देर्झ्की आणि ग्नेव्नी यांची रात्री ‘ब्रेस्लाऊ’शी गाठ पडली. ब्रेस्लाऊ म्हणजे तुर्कांच्या झेंड्याखाली वावरणारी जर्मन क्रूझर. ग्नेव्नीच्या वाफेच्या नळीवर गोळा बसला आणि तिची इंजिनं बंद पडली. देर्झ्कीने ब्रेस्लाऊला पिटाळलं आणि ग्नेव्नीला दोर लावून सेवास्तोपोलपर्यंत ओढत आणलं.

---

मचवा_१९

इथे मी गलबत यांच्याशी असहमत आहे. काळ्या समुद्रात या जहाजांचं मुख्य काम सुरुंग नव्हतं, कोळसा होता.

इस्तंबूल शहर, तिथले कारखाने, गोबेन आणि ब्रेस्लाऊ ही जर्मन जहाजं, सगळी झोंगुलदाकच्या कोळशावर चालत. झोंगुलदाक ते इस्तंबूल रेल्वे नव्हती. कोळसा यायचा तो किनाऱ्यालगतच्या आगबोटींतून आणि शिडाच्या गलबतांतून. रशियन विनाशिका जोड्या-जोड्यांनी त्या किनाऱ्यावर फिरायच्या आणि दिसेल ते कोळशाचं जहाज बुडवायच्या. शिडाची लहान गलबतं तर शेकड्यांनी गेली. परिणाम असा झाला की गोबेनला बाहेर पडायलाही कोळसा मोजावा लागू लागला. हे काम तोफांचं आणि वेगाचं आहे. इथे शत्रू गोबेनसारखा मोठा असला की पळता यायला हवं, आणि कोळशाची बोट दिसली की गाठता यायला हवं.

१९१६ मध्ये कोल्चाक काळ्या समुद्राचा प्रमुख होऊन आला तेव्हा बॉस्फरसच्या तोंडाशी दाट सुरुंग पेरले गेले, ते मान्य. पण त्याआधीची दोन वर्षं नाकेबंदीची होती.

---

गलबत

मचवा, काळ्या समुद्रापुरतं तुमचं बरोबर आहे. नाकेबंदीचा हा भाग मी सविस्तर लिहायला हवा होता असं कुणी म्हटलं तर त्याला तुमचाच प्रतिसाद दाखवीन, इतका तो नेटका आहे.

पण कोल्चाकचं नाव तुम्ही घेतलंत म्हणून पुढे सांगतो. एस्सेन मे १९१५ मध्ये न्यूमोनियाने गेला. त्या वर्षाच्या अखेरीस बाल्टिकमधल्या विनाशिकांची डिव्हिजन कोल्चाककडे आली आणि त्याने आपला झेंडा नोविकवरून फडकवला. हा माणूस पोर्ट आर्थरला स्वतः सुरुंग टाकून आलेला. तो काळ्या समुद्रात गेला तेव्हा बाल्टिकची तीच पद्धत तिकडे घेऊन गेला. मग ब्रेस्लाऊ आणि गोबेनची बॉस्फरसमधून ये-जा जवळजवळ थांबली. ज्या गोष्टीसाठी दोन वर्षं विनाशिकांची गस्त लागत होती तीच सुरुंगांनी केली, हे माझं त्यावर उत्तर.

बाल्टिकचा हिशोबही देतो. १७ डिसेंबर १९१५ ला विंडाऊजवळ रशियन सुरुंगांवर ‘ब्रेमेन’ ही क्रूझर आणि व्ही-१९१ ही विनाशिका एकाच दिवशी गेल्या. नोव्हेंबर १९१६ मध्ये जर्मनांच्या दहाव्या फ्लोटिलाच्या अकरा विनाशिका फिनलंडच्या आखातात धाड घालायला आल्या. एका रात्रीत त्यांच्यातल्या सात सुरुंगांवर बुडाल्या. समोर एकही रशियन जहाज लढायला नव्हतं.

---

खाडीपलीकडचा

अकरातल्या सात! हे वाचून थांबलो आणि नकाशा उघडून बसलो.

एक सांगायचं होतं. तुम्ही १९०८ चा सुरुंग म्हणालात. ऐंशीच्या दशकात मी तेलवाहू जहाजावर होतो. इराण-इराक युद्धात इराणी आखातातून जाताना नाळेवर (जहाजाच्या पुढच्या टोकाला) जादा माणूस उभा करायचे, पाण्यात काही तरंगतंय का बघायला. मीही त्या पाळ्या केल्या आहेत. रात्री तर डोळे ताणून ताणून दुखायचे. आमचा मुख्य अधिकारी म्हणायचा, गोल आणि शिंगं असलेलं काहीही दिसलं की आधी ओरड, मग विचार कर. ते सुरुंग याच घराण्यातले होते का?

---

गलबत

हो. एप्रिल १९८८ मध्ये ‘सॅम्युएल बी. रॉबर्ट्स’ ही अमेरिकन फ्रिगेट ज्या इराणी सुरुंगावर गेली तो एम-०८ होता, १९०८ च्या रशियन आराखड्यावरचा. जहाजाचा कणा मोडला, इंजिनघरात पाणी भरलं, माणसांनी मोठ्या शर्थीने ते वाचवलं. ऐंशी वर्षांपूर्वीची आखणी. तुम्ही नाळेवर ज्याच्यासाठी डोळे लावून उभे होतात तो हाच.

---

शेवाळ

१९१८ चं नोवोरोसिस्क राहिलं. त्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही, म्हणून लिहिते.

रशियाने जर्मनीशी केलेल्या ब्रेस्ट-लिटोव्हस्कच्या तहानंतर जर्मन सैन्य क्रिमियात शिरलं. एप्रिलच्या अखेरीस ताफ्याचा चांगला भाग सेवास्तोपोलहून नोवोरोसिस्कला आला. जर्मनांनी मागणी केली, जहाजं परत आणून आमच्या स्वाधीन करा. लेनिनचा उघड हुकूम होता परत जा म्हणून, आणि गुप्त हुकूम होता बुडवून टाका म्हणून. खलाशांत फूट पडली. १७ जूनला ‘वोल्या’ ही ड्रेडनॉट (मोठी बॅटलशिप) आणि काही विनाशिका सेवास्तोपोलकडे निघाल्या. तेव्हा ‘केर्च’ या विनाशिकेने झेंड्यांचा संकेत चढवला. सेवास्तोपोलला जाणाऱ्या जहाजांना उद्देशून: रशियाशी गद्दारी करणाऱ्यांची लाज वाटते.

१८ जूनला केर्चने उरलेल्यांना पाणतीर मारायला सुरुवात केली. कप्तान होता व्लादिमीर कुकेल, लेफ्टनंट, तरुण. ज्यांच्याबरोबर चार वर्षं लढलो त्याच जहाजांवर त्याला नळ्या रोखाव्या लागल्या. ‘फिदोनिसी’ या विनाशिकेवर तर माणसंही उरली नव्हती. ‘स्वोबोदनाया रोसिया’ ही तेवीस हजार टनांची ड्रेडनॉट एका पाणतीराने बुडेना, तिच्यावर पुन्हा पुन्हा मारा करावा लागला. ‘ग्रोम्की’ने आधीच स्वतःला बुडवलं होतं, आणि तिच्या डोलकाठीवर संकेत होता: मरतोय, पण शरण जात नाही. केर्च रात्री तुआप्सेला गेली. १९ तारखेच्या पहाटे सगळ्यांना उद्देशून शेवटचा बिनतारी संदेश पाठवून तिच्या माणसांनी तिलाही बुडवलं.

किनाऱ्यावर हजारो लोक हे बघत उभे होते. माझ्या मते रशियन नौदलाच्या इतिहासात याहून मोठा दिवस नाही. यात जिंकणं-हरणं नाही, शत्रूही समोर नाही. तरी पुस्तकांत त्याला दोन परिच्छेद मिळतात.

---

यंत्रघर

शेवाळताई, अंगावर काटा आला. जहाज बुडवायला समुद्राकडच्या झडपा उघडाव्या लागतात. ते काम इंजिनघरातल्या माणसाला करावं लागतं, ज्याने ते यंत्र रोज पुसलेलं असतं. बाकी काही लिहवत नाही.

---

पोफळी

नावांची एक गोष्ट जोडते. त्सुशिमाच्या लढाईत ‘अ‍ॅडमिरल उशाकोव’ या जहाजाच्या कप्तानाने जपान्यांपुढे शरण जायला नकार दिला आणि जहाजाबरोबर तो गेला. त्याचं नाव व्लादिमीर मिक्लुखा. न्यू गिनीत जाऊन राहिलेल्या प्रसिद्ध मानववंशशास्त्रज्ञाचा हा सख्खा भाऊ. नोविकच्या मालिकेतल्या एका विनाशिकेला या कप्तानाचं नाव दिलं होतं. क्रांतीनंतर ते बदलून ‘स्पार्ताक’ केलं.

डिसेंबर १९१८ मध्ये ही स्पार्ताक आणि ‘आव्त्रोइल’ या दोघी रेव्हालच्या (आजचं तालिन) बाजूला गेल्या असताना ब्रिटिश ताफ्याने गाठल्या, आणि दोघीही शरण गेल्या. शरण न गेलेल्या माणसाचं नाव त्या जहाजावर राहिलं असतं तर, असा विचार मनात येतोच. ब्रिटिशांनी त्या एस्टोनियाला दिल्या. ‘वाम्बोला’ आणि ‘लेन्नुक’ ही त्यांची नवी नावं. एस्टोनियाने १९३३ मध्ये त्या पेरूला विकल्या, आणि तिथे त्या ‘अल्मिरान्ते विल्यार’ आणि ‘अल्मिरान्ते गीसे’ झाल्या. जुलै १९४१ मध्ये विल्यारची इक्वाडोरच्या ‘काल्देरोन’ या लहान तोफनौकेशी झटापट झाली. सेंट पीटर्सबर्गच्या थंडीसाठी बांधलेलं जहाज पॅसिफिकच्या विषुववृत्ताजवळ तोफा डागतंय!

---

मचवा_१९

बाल्टिकमधल्या ‘ग्रोम’चं पण नाव घ्यायला हवं. ऑक्टोबर १९१७, मूनसुंडची लढाई. ‘कायझर’ या जर्मन बॅटलशिपचा एक प्रचंड गोळा ग्रोमच्या इंजिनघरात घुसला. ‘ख्राब्री’ या तोफनौकेने दोर लावून ओढायचा प्रयत्न केला, माणसं उतरवून घेतली, पण ग्रोम हातची गेली. जर्मनांची बी-९८ तिच्याजवळ पोचली आणि तिला ओढून न्यायचा प्रयत्न केला, पण ती बुडाली. बी-९८ कुठल्या वर्गातली? व्ही-९९, व्ही-१०० च्याच. रशियाच्या टर्बाइन्स ठेवून घेऊन आखलेल्या त्याच वर्गातली.

---

गलबत

मचवा, हे माझ्याकडून राहूनच जाणार होतं. आभार.

आता ही मालिका संपली कशी ते. वाचलेल्यांची नावं सोव्हिएत काळात बदलली. नोविक १९२६ पासून ‘याकोव स्वेर्दलोव’. ‘लेफ्टनंट इल्यिन’चं नाव काही काळ ‘त्रोत्स्की’ होतं, मग अर्थातच ते बदलून ‘वोइकोव’ झालं. ‘साम्सोन’ झाली ‘स्टालिन’. या दोघींना १९३६ मध्ये ध्रुवीय संशोधक ओट्टो श्मिटच्या मोहिमेतून आर्क्टिकच्या बर्फातून थेट पॅसिफिकला नेलं. सांगाड्याला बाहेरून लाकडाचं आणि पत्र्याचं कवच चढवलं होतं.

नोविक मात्र बाल्टिकमध्येच राहिली. ऑगस्ट १९४१ मध्ये जर्मन सैन्य तालिनला भिडलं. २८ ऑगस्टला तिथला ताफा आणि सैनिक-नागरिकांनी भरलेली दीडशेहून जास्त जहाजं क्रॉनश्टाटकडे निघाली. युमिंडा भूशिरासमोर जर्मन आणि फिनिश जहाजांनी हजारो सुरुंग पेरून ठेवले होते. वरून विमानं, किनाऱ्यावरून तोफा, खाली सुरुंग, आणि वर रात्र. त्या एका रात्रीत याकोव स्वेर्दलोव, म्हणजे आपली नोविक, सुरुंगावर गेली. तिच्या तीन बहिणीही त्याच पट्ट्यात गेल्या: ‘अर्त्योम’, ‘वोलोदार्स्की’ आणि ‘कालीनिन’. ‘एंगेल्स’ चार दिवस आधीच गेली होती, तीही सुरुंगावरच.

१९१४ च्या जुलैत एस्सेनने याच आखातात पहिला सुरुंग टाकला होता. सुरुवातीला मी म्हटलं की वेगापेक्षा सुरुंग महत्त्वाचे, ते यामुळेही. या जहाजांनी ज्या हत्याराने शत्रूला बाल्टिकमध्ये रोखलं, त्याच हत्याराने त्यांचा बाल्टिकमधला शेवट झाला.

---

शेवाळ

आणि उत्तरेकडे गेलेल्या? १९३३ मध्ये काही विनाशिका कालव्यातून श्वेत समुद्राकडे नेल्या होत्या ना?

---

गलबत

हो, ‘उरित्स्की’ आणि ‘कुइबिशेव’. त्या वेळी कुइबिशेवचं नाव ‘रीकोव’ होतं. दोघींना बाल्टिक-श्वेत समुद्र कालव्यातून नेऊन त्यांच्यावर नव्या उत्तरी ताफ्याचा पाया घातला.

नोव्हेंबर १९४२ ची गोष्ट सांगतो, माझ्या दृष्टीने नोविकच्या घराण्याचं सगळ्यांत मोठं काम. बॅरेन्ट्स समुद्रात ‘सोक्रुशितेल्नी’ ही नवी विनाशिका, सेवेत येऊन जेमतेम तीन-चार वर्षं झालेली, वादळात सापडली आणि तिची पिछाडी तुटून समुद्रात गेली. मदतीला ज्या पोचल्या त्यांत या दोन जुन्या, पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या विनाशिका होत्या. लाटा इतक्या उंच की जवळ जाता येईना. कुइबिशेवने पाण्यावर तेल सोडून लाटा थोड्या बसवल्या, दोर फेकला, आणि दोराला बांधलेली माणसं एकेक करून पाण्यातून ओढून घेतली. दोर तुटायचा, पुन्हा फेकायचा. बहुतेक माणसं तिनेच वाचवली. जहाज सोडून आधीच उतरलेल्या कप्तानाला पुढे मृत्युदंड झाला. शेवटपर्यंत वर थांबलेले काही जण सोक्रुशितेल्नीबरोबर गेले.

उरित्स्कीचं नाव १९५१ मध्ये ‘रेउत’ केलं. २१ सप्टेंबर १९५५ ला नोवाया झेम्ल्याच्या चोर्नाया उपसागरात सोव्हिएत संघाने पाण्याखालचा पहिला अणुस्फोट केला. तेव्हा ती लक्ष्य म्हणून जवळच नांगरलेली होती, आणि बुडाली. १९१४ मध्ये ‘झाबियाका’ नावाने पाण्यात उतरलेलं जहाज.

---

यंत्रघर

तेल टाकून लाटा बसवणं आम्हाला पुस्तकात शिकवलं होतं. वादळात प्रत्यक्ष करणं किती अवघड असतं ते दर्यावर गेलेल्यालाच कळेल. तेल थोडंथोडं, वाऱ्याच्या बाजूने, सतत सोडावं लागतं, आणि त्याच वेळी आपलं जहाज आडवं होऊ द्यायचं नसतं. कुइबिशेवच्या इंजिनघरात त्या दिवशी तीस वर्षांपूर्वी आखलेली टर्बाइन पुढे-मागे, पुढे-मागे सतत चालवत ठेवली असणार. त्या पाळीला माझा सलाम.

एक आपल्याकडचा धागा जोडतो. नोविक जिथे बांधली ती पुतिलोवची गोदी आज सेव्हेर्नाया गोदी म्हणून चालू आहे. काळ्या समुद्रातल्या बहिणींचं निकोलायेव म्हणजे तेच शहर जिथे आपल्या नौदलाची ‘राजपूत’ आणि तिच्या वर्गातल्या विनाशिका बांधल्या गेल्या. माझगाव गोदीत बांधलेल्या ‘दिल्ली’ वर्गाच्या आखणीतही सेंट पीटर्सबर्गच्या सेव्हेर्नोये डिझाइन ब्युरोचं साहाय्य होतं. या विषयावर वेगळा धागा काढतो, राजपूत वर्गाच्या गॅस टर्बाइन्सवर बरंच लिहिण्यासारखं आहे.

---

खाडीपलीकडचा

काढाच. आणि गलबत, त्या नार्गेन-पोर्काला पट्ट्याचा नकाशा असेल तर इथे टाका. मला तो माझ्या नातवाला दाखवायचा आहे.